संकटात देव आठवतो, पण त्याच्याशी काय बोलायचं ते सुचत नाही

कातरवेळ | मंगळवार, रात्री १:१०

इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते क्वचित. आज लिहिते कारण घरात कुणाशी बोलता येत नाही.

यजमानांचा व्यवसाय बुडाला. एकदम नाही, हळूहळू. आता नोटीस आली आहे आणि घर विकावं लागणार हे जवळजवळ नक्की आहे. मुलांना अजून सांगितलेलं नाही. यजमान दिवसभर फोनकडे बघत बसतात आणि तो वाजला की उचलत नाहीत. रात्री झोपत नाहीत. जेवायला हाक मारली की येतात, पण एक शब्द बोलत नाहीत.

मी देव मानते. लहानपणापासून रोज संध्याकाळी हात जोडून पाठ असलेलं म्हणते. पण हल्ली म्हणायला लागलं की मध्येच तुटतं, पुढची ओळच आठवत नाही. कधी राग येतो की आम्ही कुणाचं काय वाईट केलं होतं? कधी लाज वाटते. चांगल्या दिवसांत मी त्याच्यासमोर उभी राहायचे ती सवयीने, डोक्यात भलतंच चाललेलं असायचं. आता गळ्याशी आलं तेव्हा मनापासून हाक मारायची, हा स्वार्थ नाही का?

नातेवाईक म्हणतात, "विश्वास ठेव, सगळं नीट होईल." मला हेच कळत नाही. घर तर जाणारच आहे. मग विश्वास कशावर ठेवायचा? घर वाचेल यावर? आणि ते नाही वाचलं तर माझा विश्वास कमी पडला असं समजायचं, की तो ऐकतच नव्हता असं?

तुमच्यापैकी ज्यांनी खरोखरच्या संकटात देवाला धरून ठेवलं, त्यांनी नेमकं काय केलं ते सांगाल का?

---

नावाडी | मंगळवार, रात्री १:४२

ताई, जागा आहे म्हणून लगेच लिहितो. देवाचं सावकाश बोलू. आधी यजमानांविषयी.

झोप नाही, बोलणं नाही, फोन उचलणं नाही. ही लक्षणं हलक्यात घेऊ नका. मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करतो. त्यांना जवळ बसून सरळ विचारा, "जगू नये असं मनात येतं का?" असं विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरतो ही भीती चुकीची आहे. बहुतेक वेळा माणसाला हायसं वाटतं, कारण तो कधीपासून कुणी विचारण्याची वाट बघत असतो. उत्तर "हो" आलं तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. उत्तर "नाही" आलं तरी या आठवड्यात न्याच.

तुमच्या प्रश्नावर इथले जाणकार लिहितील. पण हे आधी.

---

दीपमाळ | मंगळवार, सकाळी ७:०५

नावाडी यांना पूर्ण अनुमोदन.

कातरवेळ, तुम्ही स्वार्थाचं विचारलंत त्यावर लिहिते. गीतेच्या सातव्या अध्यायात सोळाव्या श्लोकात चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. आर्त म्हणजे ज्याच्यावर संकट कोसळलं आहे आणि म्हणून जो हाक मारतो आहे. तो या यादीत आहे, आणि पहिला आहे. पुढे ज्ञानी मला सर्वांत प्रिय असं भगवंत म्हणतात हे खरं. पण अठराव्या श्लोकाची सुरुवात कशी आहे पाहा: "उदाराः सर्व एवैते." हे सगळेच थोर आहेत. संकटात आलेल्याला "इतके दिवस कुठे होतास?" असं तिथे कुणी विचारत नाही.

भागवताच्या आठव्या स्कंधातला गजेंद्र आठवा. मगरीने पाय धरल्यावर त्याने आधी काय केलं? स्वतःची ताकद लावली. मग कळपाने जोर लावला. हजार वर्षं झगडा चालला असं भागवत सांगतं. सगळं करून थकल्यावर मग त्याने धावा केला. म्हणजे सगळ्यात शेवटी. तरीही भगवंत धावत आले. तुम्हाला उशीर झाला आहे असं मला अजिबात वाटत नाही.

---

शुभ्र_कागद | मंगळवार, सकाळी ९:३०

ताई, जे घडतं ते प्रारब्धाने घडतं. मागच्या कर्मांचा हिशोब इथेच चुकता होतो. देव परीक्षा पाहतो आणि जो उतरतो त्याला देतोही. शांतपणे सोसा, नामस्मरण वाढवा. तक्रार करू नका, तक्रारीने पुण्य जातं.

---

मध्यरात्र | मंगळवार, दुपारी १२:१५

तक्रारीने पुण्य जातं हे मला मान्य नाही. तसं असतं तर आपल्या संतांच्या गाठीला काहीच उरलं नसतं.

जनाबाईंनी "अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या" म्हणून ज्या शिव्या घातल्या आहेत त्या आज कुणी मोठ्याने म्हटल्या तर आजूबाजूचे दचकतील. तुकोबा तर एका अभंगात म्हणतात, "माझे लेखीं देव मेला, असो त्याला असेल." माझ्यापुरता तू मेलास, दुसऱ्या कुणासाठी असशील तर अस. हे गाथेत आहे. कुणी ते काढून टाकलं नाही, लपवलं नाही. साडेतीनशे वर्षं लोक ते भक्ती म्हणूनच गात आले आहेत.

कातरवेळ, तुमच्यासाठी मला तुकोबांचा दुसरा एक अभंग इथे उलगडून लिहायचा आहे. संतांनी विचारलं म्हणून त्यांनी स्वतःची हकीकत सांगितली, तो: "याती शूद्र वैश्य केला वेवसाव." तुम्हाला प्रत्यक्षात काय केलं ते हवं आहे ना? तुमच्यासारख्याच संकटात सापडलेल्या माणसाने ते ओळीओळीने सांगून ठेवलं आहे.

काळ १६३० ते १६३२ च्या भीषण दुष्काळाचा. तुकोबा तेव्हा ऐन तारुण्यात, घरचा धंदा आणि सावकारी सांभाळणारे. ते लिहितात,

दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान ।
स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥
लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें ।
वेवसाय देख तुटी येतां ॥

पैसा गेला, त्याबरोबर मान गेला, पत्नी अन्नावाचून गेली, आणि धंद्यात तूट येताना बघून जिवाला लाज वाटली. तुमचे यजमान फोन का उचलत नाहीत याचं उत्तर मला या "लज्जा वाटे जीवा" मध्ये दिसतं.

यानंतर कुणाला वाटेल की आता साक्षात्कार येईल, चमत्कार येईल. तसं काही नाही. लगेच पुढची ओळ एका पडक्या देवळाची आहे. "देवाचें देऊळ होतें तें भंगलें, चित्तासी जें आलें करावेंसें." देऊळ मोडलेलं होतं, ते नीट करावंसं वाटलं. म्हणजे पहिली गोष्ट त्यांनी हाताने केली.

आणि नंतर, "आरंभीं कीर्तन करीं एकादशी, नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं." सुरुवातीला कीर्तन करायचो, पण मन त्यात मुरलेलं नव्हतं. ताई, ही तुमचीच तक्रार आहे. मन लागत नव्हतं तरी सुरुवात केली असं तुकाराम स्वतः सांगत आहेत.

मग ते म्हणतात, "कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें, विश्वासें आदरें करोनियां." स्वतःकडे शब्द नव्हते म्हणून आधीच्या संतांचे शब्द पाठ केले. "विश्वास" हा शब्द या अभंगात इथे येतो. दुकान पुन्हा चालेल यावर तो नाही. आपल्या आधी जे या वाटेने गेले त्यांच्या बोलण्यावर आहे.

आणि मला सर्वांत प्रिय ओळ: "गाती पुढें त्यांचें धरावें धृपद." पुढे जे गात आहेत त्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद धरलं. ज्याचे अभंग पुढे अवघा महाराष्ट्र गाणार होता त्याने संकटातून उठताना पहिल्यांदा दुसऱ्याच्या मागे साथ केली.

तुमचं स्तोत्र मध्येच तुटतं ना? मग एकटीने म्हणू नका. कुणीतरी म्हणत असेल तिथे जाऊन मागे उभ्या राहा. ओळ विसरली तर पुढचे लोक म्हणतीलच.

---

सायली_उन्हातली | मंगळवार, दुपारी १२:५०

मध्यरात्र, हा प्रतिसाद जपून ठेवते. आणखी काही लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही. कातरवेळ, आज तुमच्यासाठी हात जोडले.

---

पाणवठा | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. शुभ्र_कागद यांच्या प्रतिसादावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कर्माचा सिद्धांत खरा की खोटा यावर मी बोलत नाही, तेवढा माझा अभ्यास नाही. पण खाटेवर पडलेल्या माणसाला किंवा बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या आईला "हे मागच्या जन्माचं" असं कुणी सांगितलं की काय होतं, हे मी रोज बघते. माणूस आत मिटतो. तोवर मोकळेपणी रडणारी बाई रडायची थांबते, आणि भेटायला येणारे म्हणतात, "बघा, सावरली."

केनेथ पार्गामेंट नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. संकटात माणसं धर्माचा आधार कशी घेतात यावर त्यांचं आयुष्यभराचं काम आहे. २००१ मध्ये त्यांच्या गटाने ५५ वर्षांवरच्या ५९६ आजारी माणसांचा दोन वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. देवाने आपल्याला टाकलं, त्याचं आपल्यावर प्रेम उरलं नाही, अशा विचारात जे अडकले होते त्यांच्यात मृत्यूचा धोका जास्त आढळला. आजार किती गंभीर होता वगैरे गोष्टी हिशोबात धरूनही. त्या विचारानेच मृत्यू आला असं यावरून म्हणता येत नाही. पण असा विचार दुसऱ्याच्या मनात पेरताना हात आखडावा, एवढं तर यातून घ्यावंच.

---

शुभ्र_कागद | मंगळवार, रात्री ८:०५

पाणवठा, मी कुणाला दोष देत नव्हतो. माझी नोकरी गेली तेव्हा ज्याने घालवली त्याच्यावरचा राग मला आतून खात होता. प्रारब्ध म्हटल्यावर तो राग सुटला आणि मी पुढे चालू लागलो. माझ्यापुरता हा विचार मला आजही आधार देतो.

---

पाणवठा | मंगळवार, रात्री ८:३०

तुमचा आधार तुमच्याजवळ राहू दे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. स्वतःच्या दुःखाचा अर्थ माणसाने स्वतः लावला तर तो पेलतो. दुसऱ्याने लावून दिलेला पेलेलच असं नाही.

---

खडक_आणि_झरा | मंगळवार, रात्री ९:४०

मी ख्रिस्ती आहे. पाणवठा यांचं वाचून बायबलमधला ईयोब आठवला. त्याची मुलं गेली, संपत्ती गेली, अंगभर फोड आले. त्याला भेटायला तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर सगळं बरोबर होतं. मग ते बोलू लागले: तुझ्याच पापाचं हे फळ, देव अन्याय करत नाही, पश्चात्ताप कर. ईयोब मात्र देवालाच जाब विचारत राहिला. पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं म्हणतो. ज्यांनी देवाची बाजू घेतली त्यांना बोल लागला आणि ज्याने भांडण केलं त्याला नाही.

स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यातला मोठा हिस्सा विलापाचा आहे. तेरावं स्तोत्र सुरूच होतं ते "हे परमेश्वरा, कुठवर?" असं विचारत. बहुतेक विलाप शेवटाकडे वळण घेतात, थोडी आशा दिसते. अठ्ठ्याऐंशीवं घेत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. आमच्या घरी एक मरण झालं तेव्हा मला तेवढं एकच वाचता येत होतं. बाकीच्यांमधला आनंद सहन होत नव्हता. शास्त्रात तेही जपून ठेवलं आहे, हाच मला त्या वेळी मोठा दिलासा होता.

कातरवेळ ताई, तुमच्यासाठी दोन प्रसंग. एक एलीयाचा. जीव वाचवायला पळून थकलेला हा संदेष्टा एका झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, आता माझा प्राण घे. देव त्यावर उपदेश करत नाही. देवदूत येतो, त्याला स्पर्श करतो आणि म्हणतो, ऊठ, खा. शेजारी भाकर आणि पाणी ठेवलेलं असतं. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, परत खायला घालतो. देवाशी बोलणं त्यानंतर होतं, बराच प्रवास झाल्यावर. नावाडी यांनी रात्री पावणेदोनला जे लिहिलं ते मला त्या देवदूताच्या जातीचं वाटलं.

दुसरा प्रसंग मार्कच्या शुभवर्तमानातला. मुलाच्या आजाराने पिचलेला बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला साहाय्य करा. एकाच वाक्यात दोन्ही. आणि तेवढ्या विश्वासावर त्याचं काम झालं.

---

उंबरठा | बुधवार, पहाटे ४:५०

शेवटच्या वाक्यापाशी थांबलो.

त्या बापाचं काम झालं. माझं झालं नाही. माझा मुलगा रक्ताच्या कर्करोगाने गेला. सगळे उपचार केले, आणि जेवढी म्हणून प्रार्थना माणसाला करता येते तेवढी केली. मी केली, त्याच्या आईने केली, अनोळखी लोकांनी केली. तो स्वतः करायचा.

नंतर लोक भेटायला आले. कुणी म्हणालं, देवाची योजना असते. कुणी म्हणालं, चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात. एक जण म्हणाले, तुमची श्रद्धा कुठेतरी कमी पडली असेल. मी त्यांना घराबाहेर जायला सांगितलं.

मी हे कुणाला खोडून काढायला लिहीत नाही. कातरवेळ यांनी विचारलं आहे की घर नाही वाचलं तर काय समजायचं. या प्रश्नाचं उत्तर जिच्या बाबतीत गोष्ट नीट झाली तिच्याकडून घेऊ नका.

माझ्या बाजूने एवढंच सांगू शकतो. दीर्घकाळ मी देवाशी बोललो नाही. तो नाही असं मात्र मला एकदाही वाटलं नाही. नसता तर मी इतका चिडलो कुणावर असतो? मग एका रात्री मोठ्याने बोललो, फार वाईट बोललो. त्यानंतर अधूनमधून बोलतो. मुलगा का गेला हे मला कळलेलं नाही, आणि या आयुष्यात कळेल असं वाटत नाही. कुणी कारण सांगायला लागलं तर मी उठून जातो. पण मुलाविषयी जे मला इतर कुणाशी बोलता येत नाही ते मी त्याच्याशी बोलतो. याला विश्वास म्हणायचं का ते तुम्ही ठरवा.

---

खडक_आणि_झरा | बुधवार, सकाळी ६:३०

उंबरठा, तुमचं दोनदा वाचलं. तुम्हाला उत्तर देणार नाही, ऐकतो आहे.

---

चांदणं_मागच्या_दाराचं | बुधवार, सकाळी ११:००

उंबरठा भाई, तुमचा प्रतिसाद वाचून मला हजरत याकूब आठवले.

कुरआनच्या बाराव्या सूरेत, सूरे यूसुफमध्ये, त्यांची हकीकत आहे. मुलगा यूसुफ हरवला तेव्हा त्यांनी "सब्रुन जमील" म्हटलं, सुंदर सबुरी. लहानपणी आम्हाला वाटायचं, सबुरी म्हणजे रडायचं नाही. पण त्याच सूरेत पुढे आहे की दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाले. घरच्यांनी टोकलं, किती आठवण काढाल, जीव जाईल तुमचा. त्यावर ते म्हणाले, माझ्या दुःखाची तक्रार मी फक्त अल्लाहकडे करतो. पैगंबर होते ते. सबुरीही होती, रडणंही होतं, तक्रारही होती, आणि तक्रार कुणाकडे करायची ते त्यांना ठाऊक होतं.

यूसुफ त्यांना शेवटी भेटला हे मी जाणते. तुमच्या बाबतीत तसं इथे झालं नाही, म्हणून ही गोष्ट मी तिथवर नेत नाही.

कातरवेळ आपा, तिरमिझीच्या संग्रहात एक हदीस आहे. एकाने पैगंबरांना विचारलं, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू, की बांधून ठेवू? उत्तर मिळालं, आधी बांध, मग भरवसा ठेव. माझे वडील कर्जात सापडले तेव्हा आईने हेच केलं. नमाज झाली की ती वही घेऊन बसायची. कुणाचं किती, कुणाला काय शब्द दिला, सगळं लिहायची. ज्यांचे फोन वडील टाळत होते त्यांना तिने स्वतः आधी फोन केले. पैसे नव्हते. पण "या तारखेपर्यंत सांगते" एवढं म्हटल्यावर निम्मे लोक नरमले. आधी आम्हाला वाटायचं की नमाजमध्ये ती मदत मागत असेल. मोठी झाल्यावर विचारलं तर म्हणाली, फोन लावायची हिंमत मागत होते.

---

दूरची_पायवाट | बुधवार, दुपारी ३:१०

मी देव मानत नाही. या धाग्यावर लिहावं की नाही, असा विचार करत होतो. चर्चा प्रामाणिक आहे म्हणून लिहितो.

प्रार्थनेने निकाल बदलतो का हे तपासायचा एक मोठा प्रयत्न झाला आहे. २००६ मध्ये हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी हृदयाची बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी लोकांनी ज्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही, त्यांच्यात काही फरक दिसला नाही: ५२ आणि ५१ टक्के लोकांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली. "तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे" असं ज्यांना नक्की सांगितलं होतं त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघालं. हे श्रद्धावानांना दुखवायला सांगत नाही. कातरवेळ यांच्या डोक्यावर एक ओझं आहे, की आपली प्रार्थना पुरेशी खरी असती तर घर वाचलं असतं. ते त्यांनी उतरवून ठेवावं एवढ्यासाठी सांगतो.

---

दीपमाळ | बुधवार, संध्याकाळी ५:४५

दूरची पायवाट, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आणि गंमत म्हणजे या आकड्यांनी मला धक्का बसत नाही, कारण प्रार्थना निकाल फिरवण्याची कळ आहे असं माझ्या परंपरेने मला शिकवलेलंच नाही. अनोळखी माणसाने यादीतलं नाव वाचून केलेली प्रार्थना मोजता येते. उंबरठा रात्री मुलाविषयी जे बोलतात ते कोणत्या रकान्यात घालणार?

भागवताच्या पहिल्या स्कंधात कुंती कृष्णाला विपत्ती मागते, "विपदः सन्तु नः शश्वत्." आमच्यावर सतत संकटं येवोत, कारण संकटात तू दिसतोस. पूर्वी कीर्तनात हे ऐकताना मला ते अवघड, जवळजवळ अमानुष वाटायचं. मी आजही संकट मागणार नाही, आणि कातरवेळ यांनी तर मुळीच मागू नये. पण कुंती हे कधी म्हणते ते पाहा. वनवास, लाक्षागृह, द्यूतसभा, युद्ध, सगळं भोगून झाल्यावर. आगीत उभं असताना तिच्याकडून कुणी हे वाक्य वदवून घेतलेलं नाही. चालू संकटात माणसाने फक्त हाक मारावी. संकटाचं काय झालं ते पुढे कधीतरी त्याचं तो सांगेल, किंवा सांगणार नाही.

---

दूरची_पायवाट | बुधवार, संध्याकाळी ६:१५

रकान्याचं मान्य. त्यासाठी माझ्याकडे मोजपट्टी नाही.

---

कातरवेळ | गुरुवार, रात्री ११:२०

सगळ्यांचं वाचलं. एकेकाला उत्तर लिहायची ताकद नाही, म्हणून इथेच लिहिते.

नावाडी, तुम्ही सांगितलं तसं मी यजमानांना विचारलं. ते बराच वेळ गप्प होते, मग रडले. "येतो विचार," म्हणाले. त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. औषधं सुरू झाली आहेत आणि त्यांचा भाऊ राहायला आला आहे. तुम्ही त्या रात्री ते लिहिलं नसतं तर मी विचारलं नसतं.

मध्यरात्र, मी गाथा काढून तो अभंग वाचला. यजमानांनाही वाचून दाखवला. "लज्जा वाटे जीवा" ऐकल्यावर त्यांनी पुस्तक मागून घेतलं आणि ती ओळ स्वतः वाचली. काही बोलले नाहीत. पण पुस्तक अजून त्यांच्या उशाशी आहे.

उंबरठा दादा, तुमच्यामुळे मी काल पहिल्यांदा देवाशी भांडले. दार लावून, मोठ्याने. स्वार्थी आहे की नाही हा प्रश्न त्या वेळी आठवलाच नाही. नंतर मोकळं वाटलं असं नाही म्हणणार, थकवा आला. पण झोप लागली.

कर्जाची वही केली आहे. पहिला फोन उद्या करणार.

---

नावाडी | गुरुवार, रात्री ११:३५

फार बरं वाटलं वाचून. औषधाचा गुण यायला काही आठवडे जातात, तेवढ्यात "उपयोग होत नाही" म्हणून ती बंद करू देऊ नका. आणि तुमची झोप, तुमचं जेवण यांच्याकडेही बघा.

---

कातरवेळ | दोन महिन्यांनी

धागा वर काढते आहे.

घराचा व्यवहार झाला, पुढच्या महिन्यात निघायचं आहे. देणेकऱ्यांपैकी काहींनी मुदत दिली, काही अजून ओरडतात. यजमान झोपतात, फोन उचलतात, सगळे नाहीत पण उचलतात. आठवड्यातून एकदा आम्ही दोघं एका भजनाला जाऊन मागे बसतो. ते गात नाहीत. मी मागून म्हणते, आणि ओळ चुकली तरी आता काही वाटत नाही.

मुलांना सांगितलं. मोठी शांत राहिली. धाकट्याने विचारलं, "तू देवाला सांगितलं होतंस ना? मग?" मला काही बोलता आलं नाही. त्याला काय सांगू?

---

शुभ्र_कागद | त्याच दिवशी, रात्री ८:४०

ताई, मुलाला प्रारब्ध वगैरे सांगू नका. त्याच्या वयाला ते भीतीदायक वाटेल.

---

उंबरठा | त्याच दिवशी, रात्री १०:१५

जे खरं आहे ते सांगा. "हो, सांगितलं होतं. घर राहिलं नाही. मला त्याचा रागही आला होता आणि मी त्याला तसं बोलले. अजूनही बोलते." यापुढे तो विचारेल की देवाने असं का केलं, तर "मला माहीत नाही" म्हणा. माझा मुलगा मला असंच विचारायचा. मी काहीतरी समजूत घालायचो तेव्हा त्याला ते लगेच कळायचं आणि तो विषय बदलायचा. माहीत नाही म्हटलं की जवळ सरकून बसायचा.

त्यालाही रागवायचं असेल तर रागवू द्या, गप्प करू नका. आणि घर सोडताना त्याच्या सामानातलं काय न्यायचं, काय ठेवून जायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या. कितीही निरुपयोगी वस्तू असली तरी. त्या दिवशी बाकी काहीच त्याच्या हातात असणार नाही.